पुनर्विकासात गॅलरी मागायची की नाही? गिरगावातल्या एका वाडीसमोरचा प्रश्न

मधला_जिना

आमची वाडी गिरगावात, ठाकूरद्वारच्या अंगाला. तळमजला अधिक तीन मजले, चौकाच्या तीन बाजूंनी घोड्याच्या नालासारखी बांधलेली चाळ, ७२ बिऱ्हाडं. पुनर्विकास ठरला आहे. कायद्याला ५१ टक्के भाडेकरूंची संमती पुरते, आमच्याकडे जवळजवळ सगळ्यांनी सह्या दिल्यात. माझीही आहे. लाकडी खांबांना वाळवी लागली आहे, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला खालून टेकू लावलेत. इमारत पडायची वाट बघा असं मी कुणाला सांगणार नाही. त्यामुळे ‘चाळ वाचवा’ असा हा धागा नाही.

प्रश्न वेगळा आहे. आर्किटेक्टने दोन नकाशे आणलेत. ‘अ’ नकाशात लिफ्टच्या लॉबीभोवती चार-चार घरं, दारं समोरासमोर, लॉबीत दिवसाही दिवा लावावा लागणार. ‘ब’ नकाशात मजल्याला सहा घरं, सगळी एका रांगेत, आणि सगळ्यांच्या दारासमोरून जाणारी एक उघडी गॅलरी, खालच्या चौकाकडे तोंड करून. ‘अ’मध्ये प्रत्येकाला ४०५ चौरस फूट, ‘ब’मध्ये ३८०. येत्या रविवारी वाडीची सभा आहे. बहुतेक जण ‘अ’ म्हणताहेत. २५ चौरस फूट म्हणजे एक छोटी मोरी, कोण सोडेल?

मी ‘ब’च्या बाजूने बोलणार आहे. का, ते इथे मांडतो.

चाळीत माणसं एकमेकांना धरून होती, याचं श्रेय आपण नेहमी माणसांना देतो. ‘तेव्हाची माणसंच तशी होती.’ मला हे पटत नाही. माणसं तेव्हाही भांडखोर होती. माझे वडील आणि शेजारचे काका नळाच्या पाळीवरून अकरा वर्षं बोलत नव्हते. शेजार टिकला तो नकाशामुळे. आमची खोली १६० चौरस फूट, खिडकी फक्त मागच्या घरगल्लीकडे, म्हणजे दोन इमारतींमधल्या सांडपाण्याच्या बोळाकडे, आणि तिकडचा वास इतका की ती बंदच. वारा हवा तर दार उघडं ठेवायलाच हवं. दार उघडं म्हणजे गॅलरीतून जाणारा प्रत्येक जण दिसणार, आणि त्याला आपण दिसणार. ज्यांचं बोलणं बंद होतं, त्यांनाही एकमेकांची तब्येत कळायची. वडिलांना पहिला झटका आला तेव्हा खाली टॅक्सी थांबवायला धावले ते हेच काका.

२६ जुलै २००५ ची रात्र सांगतो. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणजे आमच्याकडे रस्ते नुसते ओले, आणि आमच्या मजल्यावरची नऊ माणसं अंधेरी, कुर्ला, साकीनाका अशी कुठे कुठे अडकलेली. फोन लागत नव्हते. त्या रात्री गॅलरीत कुणी झोपलं नाही. बायका कठड्याला टेकून फाटकाकडे बघत उभ्या होत्या. कुणी आत शिरला की वरून नाव पुकारलं जायचं आणि तीनही मजल्यांवर ते फिरायचं. पहाटे साडेतीनला माझा भाऊ आला, कमरेपर्यंत चिखल. आईच्या आधी पलीकडच्या मजल्यावरच्या कुणीतरी त्याला पाहिलं होतं. कोपऱ्यातल्या खोलीतला मुलगा दुसऱ्या दिवशी अकराला आला. तोवर त्याच्या आईला एकटं असं कुणी ठेवलं नाही.

लॉबीतल्या बंद दाराआड ही रात्र कशी गेली असती? प्रत्येक घर आपापल्या टीव्हीसमोर.

मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली इथे गिरगावातच, केशवजी नाईकांच्या चाळीत सुरू झाला. १९०१ मध्ये टिळक तिथे येऊन गेले. गिरगावकर हे अभिमानाने सांगतात, मीही सांगतो. पण त्यामागे मला चाळीची रचनाही दिसते. मधला चौक म्हणजे आयतं सभागृह आणि भोवतीच्या गॅलऱ्या म्हणजे बसायच्या जागा. सभेसाठी वेगळा पैसा नको, परवानगी नको, कुणाला घरातून बाहेर पडायलाही नको.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: शेजार हवा असेल तर तो नकाशात मागावा लागतो. इमारत उभी राहिल्यावर मंडळ काढून, व्हॉट्सॲपचा ग्रुप करून तो येत नाही. विरोधी मतं जरूर मांडा, रविवारी मला तीच ऐकावी लागणार आहेत.

---

डोंबिवली_जलद

दादा, तुमची २६ जुलैची रात्र वाचून डोळे भरले. पण मी ‘अ’ला मत दिलं असतं, डोळे मिटून.

मी फणसवाडीत वाढले. आमच्या मजल्यावर १४ खोल्या आणि संडास गॅलरीच्या टोकाला. म्हणजे दिवसातून जितक्या वेळा जायचं, तितक्या वेळा टमरेल घेऊन तेरा उघड्या दारांसमोरून. बाराव्या वर्षापासून हे चालणं मला शिक्षा वाटायचं. पाळी आली की घरात बाजूला बसावं लागे आणि ती बातमी आई कुणाला सांगायच्या आत मजल्यावर पोचलेली असे. कॉलेजात असताना एक मुलगा पुस्तक द्यायला फाटकापर्यंत आला. मी वर येईपर्यंत बाबांना कळलं होतं. ज्यांनी सांगितलं त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना काळजीच वाटत होती. पण त्या काळजीपायी माझं एक वर्ष कॉलेज बुडालं.

तुम्ही म्हणता, गॅलरीतून जाणारा दिसणार आणि त्याला आपण दिसणार. पुरुषाला ते तसंच वाटणार. तो गॅलरीत उभा असतो. बाई गॅलरीतून चालत असते.

लग्न झाल्यावर १९९८ मध्ये डोंबिवलीला वन रूम किचन घेतलं. रोजचा प्रवास दीड तास, लोकलची गर्दी तुम्हाला माहीत आहे. सामान लावून झाल्यावर नवरा खाली दूध आणायला गेला, आणि मी दाराला आतून कडी घातली आणि नुसती जमिनीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठे आहे आणि काय करते आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. ते सुख २५ चौरस फुटांच्या कितीतरी पट मोठं होतं.

---

मधला_जिना

ताई, तुमच्या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते शोधणारही नाही. माझी बहीणही हेच म्हणाली असती, तिला मी कधी विचारलं नाही.

एकच सांगतो. संडास दोन्ही नकाशांत घरात आहेत, नळही घरात आहे. टमरेल आणि पिंप कुठल्याच नकाशात नाहीत. ते गेल्यावर उरणारी गॅलरीसुद्धा तुम्हाला नकोच वाटते का? खरंच विचारतोय.

---

नकाशावाला

मी वास्तुरचनेच्याच धंद्यात आहे, दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींची बरीच कामं केलीत. भावना बाजूला ठेवून काही गोष्टी सांगतो, दोन्ही बाजूंना उपयोगी पडतील.

‘ब’चा सर्वात मोठा फायदा म्हणजे हवा. एका बाजूला गॅलरी असलं की घराला समोरासमोर दोन बाजू मिळतात आणि वारा आरपार जातो. ‘अ’सारख्या नकाशात बहुतेक घरांच्या स्वयंपाकघराची आणि न्हाणीघराची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद उभ्या पोकळीत उघडते. दहा वर्षांनी त्या डक्टमध्ये काय साठलेलं असतं ते बघायचं असेल तर जवळपासच्या कुठल्याही पुनर्विकसित इमारतीत जाऊन या. विजेचं बिलही बघा.

तोटे. नैऋत्येचा पाऊस दहाव्या मजल्याच्या वर आडवा येतो. गॅलरीचं तोंड पश्चिमेला असेल तर जून ते सप्टेंबर ती वापरता येणार नाही आणि पाणी उंबऱ्याच्या आत येईल. चौक कुठल्या दिशेला ठेवलाय ते आधी विचारा. दुसरं, माणसं गॅलरी व्यापतात. आधी चपलांचं कपाट, मग कपाटावर कपाट, मग कुणीतरी जाळीचा दरवाजा लावून शेवटची सहा फूट आपल्या घरात घेतो. मी हे प्रत्येक इमारतीत पाहिलं आहे, एकही अपवाद नाही. आग लागली की बाहेर पडायची वाट हीच असते, म्हणून ही जाळी जीवावर बेतू शकते.

आणि ते २५ चौरस फूट. गॅलरीमुळेच कमी होतात असं बिल्डर म्हणतो म्हणून मानू नका, हिशोब लेखी मागा. जुन्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र (भिंती सोडून आतली जागा) द्यावंच लागतं, त्यावरचं सगळं वाटाघाटीतून ठरतं. शिवाय भाडेकरूंच्या पुनर्वसनाला जितकं क्षेत्रफळ लागतं, त्याच्या प्रमाणात बिल्डरला विक्रीसाठी जादा बांधकाम मिळतं. म्हणजे तुम्हाला दिलेला प्रत्येक फूट त्याच्या खिशातूनच जातो असं नाही.

---

वरळीकर

मधला जिना यांचं मुख्य म्हणणं, की शेजार नकाशामुळे टिकतो, मला चुकीचं वाटतं. पुरावा म्हणून आमच्या बीडीडी चाळी घ्या, सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, सगळ्या १९२०च्या दशकातल्या. या चाळींना तुमच्यासारखी चौकाकडची गॅलरी नाही. मधून एक अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, एका चाळीत ८० बिऱ्हाडं. वारा नाही, उजेड नाही, चौकाचा देखावा नाही. आणि तरी वरळीच्या बीडीडीत जेवढा जिव्हाळा होता तेवढा मुंबईत कुठेच नव्हता, असं मी छातीवर हात ठेवून सांगेन.

तो कुठून आला? एकाच गिरणीत तीन पाळ्यांत जाणारी माणसं, एकाच तालुक्यातून आलेली. कबड्डीचे संघ, भजनी मंडळं. १९८२ चा गिरणी कामगारांचा संप. त्या संपात आमच्या मजल्यावरच्या वीसपैकी सतरा चुली एकमेकांच्या पिठावर पेटत होत्या. माणसांना एकमेकांची गरज होती म्हणून दारं उघडी होती. गरज संपली की जगातली सर्वात सुंदर गॅलरी बांधा, तिथे कपडे वाळत पडतील, बाकी काही नाही.

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या घरात, चाळीस मजली टॉवरमध्ये. माझे मामा त्यातले एक. मामीने पहिल्या आठवड्यात काय केलं सांगू? रोज दोनदा आंघोळ. सत्तरीच्या बाईने. कारण आतापर्यंत मोरीला पडदा लावून, बाहेर सगळे बसलेले असताना आंघोळ केली होती. मामा म्हणतात, शेजारचा कोण ते महिनाभर कळलं नाही. मामी म्हणते, कळेल हळूहळू, घाई काय आहे.

---

मधला_जिना

वरळीकर, बोळ अंधारा असला तरी वीसही दारं त्या एकाच बोळात उघडत होती ना? मी त्यालाच नकाशा म्हणतो. गरजेचा मुद्दा मात्र मान्य. संपाच्या वेळी आमच्याकडेही तसंच होतं. पण नकाशा नसता तर ती गरज दिसली असती का? ज्याची चूल पेटली नाही तो सांगायला येत नाही. धूर दिसला नाही, म्हणून शेजारच्याला कळतं.

---

नायगावचा

इथे सगळे आठवणी सांगताहेत म्हणून मीही एक सांगतो.

१९७८ ची गोष्ट. माझे वडील सरकारी कचेरीत कारकून, पगार बरा, हातात पागडी, म्हणजे भाड्याच्या खोलीसाठी एकरकमी द्यायची रक्कम, द्यायला पैसे. ऑफिस फोर्टात, म्हणून गिरगावात खोली बघायला निघाले. एका वाडीत मालकाच्या माणसाने खोली दाखवली, पागडीचा आकडाही ठरला. मग आडनाव विचारलं. वडिलांनी सांगितलं. तो म्हणाला, दोन दिवसांनी कळवतो. दुसऱ्या वाडीत आडनाव आधीच विचारलं, खोली दाखवायचे कष्टही घेतले नाहीत. तिसऱ्या वाडीत वडील गेलेच नाहीत. आम्ही नायगावला बीडीडीत राहिलो, आजोबांच्या नावावरच्या खोलीत, अकरा माणसं.

गिरगावातल्या वाड्या कुणाकुणाच्या होत्या, ते गिरगावकरांना मी सांगायला नको. जातीजातींच्या वस्त्या होत्या त्या. ज्या गॅलरीत सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे अनोळखी माणूस पहिल्या पायरीवरच ओळखू येतो. तुमची २६ जुलैची रात्र खरी आहे, मी ती नाकारत नाही. त्या गॅलरीत उभं राहायची मुभा कुणाला होती, तेही खरं आहे.

याचा अर्थ मी ‘अ’च्या बाजूने आहे असा नाही. नव्या टॉवरमध्ये जातीऐवजी ‘मांसाहार करता का’ विचारतात, अर्थ तोच. माझा प्रश्न दोन्ही नकाशांना आहे. तुमच्या प्लॉटवर विक्रीची इमारत वेगळी असणार. तिचं फाटक कुठे आहे? जुन्या भाडेकरूंना मागच्या गल्लीतून वाट आणि विकत घेणाऱ्यांना हमरस्त्यावरून, असं मी तीन ठिकाणी पाहिलं. लिफ्ट वेगळी, गच्ची वेगळी, बाग त्यांची. गॅलरी असो नसो, वाडीचे दोन तुकडे तिथेच झाले. त्यावर रविवारी मत घेणार आहात का?

---

मधला_जिना

नाही. त्यावर मत घ्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, माझ्याही. आत्ता दोन्ही नकाशे पुन्हा काढून बघितले. विक्रीची इमारत रस्त्याच्या बाजूला आहे आणि आमचं फाटक मागच्या गल्लीत. चौक आमच्या वाट्याला आहे, पण चौकाच्या अर्ध्या भागावर ‘पार्किंग रॅम्प’ असं बारीक अक्षरात लिहिलंय. दोन महिने हे कागद घरात होते.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत काही बोलण्याचा मला अधिकार नाही. आमच्या वाडीतही ७२ बिऱ्हाडांत आडनावं कोणती आहेत हे मी मनात मोजून पाहिलं. तुमचं बरोबर आहे.

---

तिसरी_पिढी_मालक

भाडेकरूंची बाजू सगळे लिहितात, मालकाची कुणी लिहीत नाही. माझ्या पणजोबांनी चाळ बांधली. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठलं. १९९९ चा नवा कायदा २००० मध्ये लागू झाला आणि वर्षाला ४ टक्के वाढवायची सोय मिळाली. चार टक्के कशावर? ३८ रुपयांवर. इमारतीचा खालचा नळ बदलायला जेवढा खर्च येतो तेवढं आमचं वर्षाचं भाडं नव्हतं. वाळवी लागली ती आपोआप नाही लागली. त्या जिव्हाळ्याचं भाडं कुणी भरलं, याचाही विचार व्हावा.

---

ठाकूरद्वार_नाका

मालकसाहेब, खोली एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जाताना पागडीतला तिसरा हिस्सा कुणाकडे जायचा, तेही लिहा. आमच्या इमारतीत २० वर्षांत नऊ खोल्या अशा हस्तांतरित झाल्या. त्यातून एकदाही गॅलरीचं एक फळकूट बदललं नाही. कायदा वाईट होता हे मान्य, पण सगळं नुकसान एकट्या मालकाचं झालं असं नाही.

बाकी मूळ विषयावर: मला ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही उशिराचे वाटतात. आमच्या मजल्यावर १२ खोल्या. चारांत माणसं राहतात. तीन खोल्यांत दागिने घडवणारे कारागीर, दोनांत कुरियरचं गोदाम, तीन बंद. मुलं ठाण्याला, बोरिवलीला, अमेरिकेत. गणपतीत दहा दिवस येतात, चौक भरतो, फोटो निघतात, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा चार घरं. गॅलरी कुणासाठी बांधायची? नवं घर ताब्यात आलं की निम्मे विकतील किंवा भाड्याने देतील. तुमच्या ७२ पैकी खरोखर राहायला परत येणारे किती, हे आधी मोजा.

---

खोली_क्र_चौदा

मी हा धागा नातवाकडून वाचून घेतला आणि त्याच्याकडूनच लिहून घेते आहे. वय ७८. गिरगावातच, पण तुमच्या वाडीत नाही. तिसऱ्या मजल्यावर राहते.

तुमच्या भांडणात मला दोन्हीकडचं पटलं. डोंबिवलीच्या मुलीचं जास्त पटलं. मी सून होऊन आले तेव्हा गॅलरीत सासूबाई बसायच्या आणि मला पाणी भरताना किती कळशा सांडल्या ते सगळ्यांना सांगायच्या. आता त्या जागी मी बसते. गुडघे गेल्यामुळे आठ महिने खाली उतरले नाही. आता मेट्रोचं स्टेशन अगदी जवळ आलं, मुलगा त्यातून येतो, मला मात्र स्टेशन बघायला तीन जिने उतरता येत नाहीत. माझं सगळं जग म्हणजे ही गॅलरी. कोण आलं, कोण गेलं, समोरच्या पोरीला नोकरी लागली, भाजीवाला आज आला नाही. दुपारी खुर्ची रिकामी दिसली तर पलीकडची येऊन हाक मारते. मागच्या पावसाळ्यात मी मोरीत पडले. दूध उंबऱ्यावर तसंच राहिलेलं तिने पाहिलं, म्हणून मी आज हे सांगते आहे.

लॉबीत दूध दाराला लटकवलेल्या पिशवीत ठेवतात. पिशवी भरलेली की रिकामी, बाहेरून कळत नाही.

पण अजून एक सांगते. आमच्या शेजारच्या वाडीचा पुनर्विकास झाला. तीन वर्षं म्हणाले होते, सात लागली. मधल्या काळात भाड्याच्या घरी कुणी विरारला, कुणी कल्याणला. माझ्या वयाच्या चौघी गेल्या होत्या. परत एक आली. तुम्ही ‘अ’ की ‘ब’ करत सहा महिने घालवलेत तर त्या सहा महिन्यांत तुमच्याकडचं कोणीतरी जाईल. मला गॅलरी हवी. त्याहून आधी लिफ्ट हवी, कमोड हवा, आणि मी जिवंत असताना हवा.

---

डोंबिवली_जलद

आजी, नमस्कार. सासूबाईंच्या जागी आता आपण बसता हे आपण सरळ सांगितलंत, त्याने मला फार बरं वाटलं.

दादा, तुम्ही मला विचारलं होतं, टमरेल गेल्यावरही गॅलरी नकोच का. चार दिवस विचार केला. माझी आई ८१ वर्षांची, माझ्याकडे असते, चौथ्या मजल्यावर. मी ऑफिसला जाते. दिवसभर ती त्या बंद दाराआड, ज्या दारावर मी एवढी खूश झाले होते. समोरच्यांना तिचं नाव माहीत नाही. परवा ती म्हणाली, इथे कुणी माझ्यावर लक्ष ठेवत नाही. आयुष्यभर आम्ही दोघी ज्याला वैतागलो, तेच ती मागत होती.

तरी मी ‘ब’ जसाच्या तसा मान्य करणार नाही. मला अटी आहेत. गॅलरीकडे फक्त स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यावी, झोपायची खोली आणि न्हाणीघर मागच्या बाजूला. खिडकीचा खालचा काठ छातीच्या वर, म्हणजे चालणाऱ्याला आतली जमीन दिसणार नाही, पण आतून हाक मारता येईल. आणि दार दोन भागांचं. आमच्या आजोळी, रेवदंड्याला, तसं होतं. खालचा अर्धा बंद, वरचा उघडा. वारा येतो, बोलता येतं, आणि नको असेल तेव्हा वरचाही लावून घ्यायचा. कुणी विचारायचं नाही का लावला. हा शेवटचा नियम नकाशात काढता येत नाही, पण सभेत बोलून ठेवता येतो. तो बोलायला तुमच्या वाडीतल्या बायकांना उभं करा. तुम्ही बोलू नका.

---

नकाशावाला

दोन भागांच्या दारात अडचण आहे. घराचं मुख्य दार आग थोपवणारं लागतं, ते अखंड असतं. पण त्याच्या बाहेर तीन फुटी लाकडी फाटक लावता येईल, आतल्या बाजूला उघडणारं, म्हणजे वाट अडणार नाही. मुख्य दार उघडं ठेवलं की परिणाम तोच.

खिडकीच्या काठाची उंची जमिनीपासून साडेचार फूट मागा. आणि गॅलरीची रुंदी सहा फुटांखाली येऊ देऊ नका. चार फुटांत एक खुर्ची टाकली की चालणाऱ्याला वाट उरत नाही, मग पहिली तक्रार खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाविरुद्ध होते.

---

मधला_जिना

काल सभा झाली. लिहायला उशीर झाला, कारण ती रात्री साडेअकरापर्यंत चालली.

मी बोललो नाही. हा धागा छापून आमच्या वाडीतल्या सहा बायकांना आधीच दिला होता. पहिल्या मजल्यावरची एक सून बोलली, जी सभेत कधी बोलत नाही. तिने ताईंच्या अटी वाचल्या आणि एक स्वतःची घातली: गॅलरीत कॅमेरा लावायचा नाही. तिच्या सासऱ्यांनी विरोध केला, बराच वेळ. नंतर ते गप्प बसले. पटलं म्हणून की थकले म्हणून, मला सांगता येणार नाही.

फाटकाचा आणि रॅम्पचा विषय मी नायगावच्या गृहस्थांचं म्हणणं म्हणूनच मांडायला सांगितला. त्यावर मात्र सगळे एक झाले. बिल्डरच्या माणसाने रॅम्प हलवता येणार नाही असं आधी सांगितलं, मग म्हणाला विचारून सांगतो. ठाकूरद्वार नाका यांच्या सांगण्यावरून हात वर करून मोजलं. परत राहायला येणार म्हणणारी घरं ४१ निघाली, ७२ पैकी. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी.

‘अ’ की ‘ब’ यावर मत झालंच नाही. आर्किटेक्टला तिसरा नकाशा काढायला सांगितलाय: गॅलरी सहा फुटी, चौकाकडे, म्हणजे आमच्याकडे पूर्वेला, झोपायच्या खोल्या मागे, आणि क्षेत्रफळ ३९५ च्या खाली नको. त्याने तीन आठवडे मागितले. आजींचं वाक्य मी वाचून दाखवलं होतं, म्हणून वाडीने त्याला दहा दिवस दिलेत.